एकही माणूस नसलेली कॅम्पेन: सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय झालं

मे 2025 च्या शेवटच्या शनिवारी आमची डंजन्स अँड ड्रॅगन्सची कॅम्पेन संपली. पूर्ण कॅम्पेनमध्ये एकही माणूस नव्हता, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांत तर नव्हताच पण त्या जगातच नव्हता, ना राजा, ना दुकानदार, ना रस्त्यातला भिकारी. सुरू करायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं की असं कोणी खेळलंय का, काय अडचणी येतात, पण हाताला काही लागलं नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय, पुढच्याला तेवढीच मदत.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण डीएम (डंजन मास्टर) असतो, तो जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात (माणूस, किंवा टोकदार कानांचे एल्फ, बुटके दाढीवाले ड्वार्फ अशा काल्पनिक जमातींतलं), आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. कॅम्पेन म्हणजे तीच गोष्ट महिनोन् महिने पुढे नेत राहायची. आमच्यात डीएम मी, आणि खेळायला माझा धाकटा भाऊ, वहिनी, ऑफिसातला एक सहकारी, कॉलेजपासूनची मैत्रीण आणि आमच्याच सोसायटीतले एक काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले.

कल्पना वहिनीची. जून 2024 मध्ये आधीची छोटी कॅम्पेन संपल्यावर चहा पिताना ती म्हणाली, "ताई, माझी एल्फ साडेसातशे वर्षं जगणार होती ना, मग ती माझ्यासारखीच का वागत होती पूर्ण वेळ?" खरंच होतं ते. आमचे एल्फ, ड्वार्फ सगळे कान आणि दाढी लावलेली माणसंच होती. मग ठरलं की या वेळी माणूस ठेवायचाच नाही, म्हणजे तुलना करायलाच कोणी उरणार नाही. काकांना प्रश्न पडला की मुळात या खेळात माणूसच मध्यभागी का असतो. मी त्यांना सांगितलं की 1974 च्या पहिल्या नियमांत ड्वार्फ लढवय्या सहाव्या लेव्हलपर्यंतच (म्हणजे अनुभवाने चढायच्या पायरीपर्यंत) जायचा, हाफलिंग, म्हणजे बुटकी जमात, चौथ्यापर्यंत, आणि माणसाला मात्र मर्यादाच नव्हती. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, बनीज अँड बरोज नावाचा खेळ आला ज्यात सगळे खेळाडू ससे असतात. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नव्हतो, हे ऐकून सगळ्यांनाच जरा धीर आला.

पहिला प्रश्न जागेचा. सहा जण, दर दुसऱ्या शनिवारी, चार-पाच तास, आणि कोणाच्या घरी म्हटलं की त्या घरातल्यांची पंचाईत. बोर्ड गेम कॅफेत माणशी तासाला 150 सांगितले, वर्षभर ते परवडणारं नव्हतं. मग सोसायटीच्या क्लबहाऊससाठी अर्ज केला. अर्ज सेक्रेटरींच्या नावे, सोबत मेंटेनन्सची थकबाकी नसल्याची पावती, 3000 डिपॉझिट चेकने, मेंबरला भाडं तासाला 200. फॉर्मवर 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता, तिथे नुसतं 'खेळ' लिहिलं तर पत्ते समजतील अशी मला भीती, म्हणून काकांच्या सल्ल्याने 'गोष्ट सांगण्याचा गट, सहा सभासद, ध्वनिक्षेपक नाही' असं लिहिलं. तुम्हीही ध्वनिक्षेपक नाही हे आवर्जून लिहा, कमिटीला सगळ्यात जास्त चिंता त्याचीच असते. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच, त्यामुळे होकार यायला जुलैचा दुसरा आठवडा उजाडला.

तोपर्यंत पुस्तकांचं बघितलं. इथे जरा गोंधळ आहे तो समजून घ्या. मूळ नियमांचा एक मोठा भाग, एसआरडी 5.1, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट मिळतो. त्यात एल्फ, ड्वार्फ, नोम, हाफलिंग, ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग वगैरे जमाती आहेत, म्हणजे माणूस वगळूनही एक पैसा खर्च न करता कॅम्पेन चालवता येते. पण आमच्या लोकांना हवे होते कोबोल्ड (सरड्यासारखे बुटके), केंकू, लिझर्डफोक (मोठ्या सरड्यांसारखे), टॉर्टल (कासवं). ते खेळण्यासाठीचे नियम विकतच्या पुस्तकांत आहेत, आणि तिथेही 2016 चे वेगळे, 2022 चे वेगळे. उदाहरणार्थ केंकू, म्हणजे कावळ्यासारखे पक्षी: 2016 च्या नियमात ते फक्त ऐकलेले आवाज काढूनच बोलू शकतात, 2022 मध्ये ही अट काढली. कोबोल्ड 2016 मध्ये उन्हात नीट लढू शकत नाही, पुढे तेही काढलं. नवीन नियम खेळायला सोपे आहेत यात वाद नाही, पण आम्हाला हवं होतं नेमकं तेच जे काढून टाकलं होतं. म्हणून केंकू, कोबोल्ड आणि लिझर्डफोक जुन्या पुस्तकातून घेतले (सहकाऱ्याकडे जुनी कॉपी होती), टॉर्टल 2022 च्या पुस्तकातून, ते मला साधारण 3500 ला पडलं आणि यायला तीन आठवडे लागले. कुठल्या पात्राला कुठल्या वर्षाचे नियम, हे पहिल्याच पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर ऐन लढाईत वाद होतो.

जुलैच्या शेवटी सेशन झीरो झालं, म्हणजे फासे न टाकता नुसतं बसून ठरवायचं. मी प्रत्येकाला एक छापील पान दिलं होतं. तुमचं पात्र कसं झोपतं, काय खातं, काय खात नाही, किती जगतं, अंधारात काय दिसतं, घराचं दार केवढं, आणि मेल्यावर त्याचं काय करतात. आधी सगळे हसले, मग अर्धा तास कोणी मान वर केली नाही. काकांनी नोम (बुटक्या जमातीतला) घेतला, वय 214, कारण नोम साडेतीनशे ते जवळपास पाचशे वर्षं जगतात. वहिनीने टॉर्टल, सरासरी आयुष्य फक्त 50, आणि तिने वय लिहिलं 46. सहकाऱ्याचा कोबोल्ड जमिनीखाली बोगद्यात राहणारा, मैत्रिणीची लिझर्डफोक खाडीतल्या तिवरांमध्ये, भावाचा केंकू.

मेल्यावर काय करतात या प्रश्नाला मैत्रिणीने लिहिलं होतं, 'वापरतात'. लिझर्डफोकना मेलेल्या प्राण्याच्या हाडाकातड्यापासून ढाल, भाला वगैरे बनवता येतो, तो नियमच आहे, आणि भावनाही त्यांना आपल्यासारख्या नसतात. आमच्यातले दोघे शुद्ध शाकाहारी, त्यामुळे तिथेच ठरवून टाकलं की कातडं सोलायचं वर्णन टेबलावर करायचं नाही, 'मी काम उरकते' एवढंच म्हणायचं. हे आधी बोलून घेणं फार गरजेचं आहे. माणूस नसलेल्या खेळात खाणं, मरणं, अंडी, विष्ठा हे विषय येतातच, आणि कोणाला काय झेपत नाही ते आधी कळलेलं बरं.

जग मी खाडीकाठचं घेतलं, कारण कोकणात आजोळ असल्याने तेवढंच मला नीट डोळ्यासमोर येतं. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मोठा बांध, आत टॉर्टलांची भातशेती, बाहेर तिवरांत लिझर्डफोक, बांधाच्या पोटात कोबोल्डांचे बोगदे. काकांनी खात्यात आयुष्य घालवलेलं, त्यांनी लगेच विचारलं, "उघाडी कुठंय?" उघाडी म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं दार. माझ्या नकाशात ती नव्हती, त्यांनी पेन्सिलने काढली, आणि पुढची सगळी गोष्ट त्या उघाडीभोवतीच फिरली.

ऑगस्टमध्ये खेळ सुरू झाला. पहिली एक-दोन सेशन्स मला रात्री झोप लागायची नाही इतकं टेन्शन होतं, कारण सगळे परत माणसांसारखेच बोलायला लागले होते. फरक पडायला लागला तो शरीरामुळे. कोबोल्डला ऊन चालत नाही, तर मग गावचा बाजार दिवसा का भरेल? मग बाजार दिवेलागणीला. मग टॉर्टल दिवसा शेतात आणि रात्री बाजारात, म्हणजे झोपणार कधी? मग वहिनीने ठरवलं की टॉर्टल दुपारी कवचात शिरून झोपतात आणि त्या वेळी कोणी कवचावर टकटक केली तर ते अत्यंत असभ्य. असं एकातून एक. मी आधी लिहिलेलं गावाचं वर्णन चार पानी होतं, त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही, आणि जे आलं ते जास्त चांगलं होतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते कारण तिथे मला पहिल्यांदा वाटलं की जमतंय. बांधाच्या आत बोगद्यात दोन साखळ्या होत्या, एक लाल रंगवलेली, एक हिरवी, लाल ओढली तर उघाडी उघडणार, हिरवी ओढली तर बोगद्यात पाणी. कोबोल्ड आणि नोम दोघांना काळोखात 60 फुटांपर्यंत दिसतं, म्हणून तेच पुढे, कंदील बंद, कारण आत पहारेकरी. पण नियम असा आहे की काळोखातली ही नजर फक्त करड्या छटा दाखवते, रंग नाही. सहकारी बिनधास्त म्हणाला, "लाल ओढतो." मी विचारलं, "लाल कुठली?" तो माझ्याकडे बघतच राहिला. ज्यांना अंधारात दिसतं त्यांना रंग दिसत नाही, ज्यांना रंग कळला असता त्या कासवाला आणि लिझर्डफोकला दिसतच नाही, आणि कंदील लावला तर सगळे सापडणार. पंधरा मिनिटं टेबलावर नुसती कुजबुज चालली होती. शेवटी मैत्रीण म्हणाली की रंग कशाला बघायचा, चव घेते, आणि तिच्या पात्राने दोन्ही साखळ्या चाटल्या. जी खारट ती उघाडीची. ही युक्ती माझ्या डोक्यातही नव्हती. मी फासासुद्धा टाकायला सांगितला नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती. 7 तारखेला बसले आणि क्लबहाऊस पंधरा दिवस सजावट आणि आरतीच्या सामानाला गेलं, ते आम्ही धरलेलंच होतं. पण त्यानंतरच्या शनिवारी आमचं बुकिंग असताना तिथे कोणाचा तरी वाढदिवस चालू होता, रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी एकाच वेळेच्या. त्या दिवशी काकांच्या घरी खेळलो. पावती नेहमी जवळ ठेवा आणि आदल्या दिवशी रजिस्टर बघून या, एवढंच सांगेन.

ऑक्टोबरमध्ये करार आला, आणि तिथून कॅम्पेन माझ्या हातातून निसटून खेळाडूंची झाली असं म्हटलं तरी चालेल. बांध कोणाचा यावरून टॉर्टल आणि लिझर्डफोक यांच्यात भांडण होतं, आणि मी गोष्टीत 99 वर्षांचा जुना करार टाकला होता, मुदत संपत आलेली. मला वाटलं होतं एका सेशनमध्ये उरकेल. पण काका म्हणाले की हा करार माझ्या नोमने स्वतः सही केलाय, तेव्हा मी 115 वर्षांचा होतो, त्याच्यासाठी ही परवाची गोष्ट आहे. आणि वहिनी म्हणाली की माझ्या लोकांत 99 वर्षं म्हणजे दोन जन्म, ज्यांनी सही केली त्यांना बघितलेलं आज कोणी जिवंत नाही, मला हा करार बांधील कसा? दोघेही बरोबर होते. सोसायटीच्या मीटिंगला भांडतात तसे दोघं कलमावर कलम काढून बोलत होते, आणि बाकीचे खेळ विसरून ऐकत होते. एकाच कागदावरचा एकच आकडा, पण वाचणाऱ्याच्या आयुष्याप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो, हे माणसांच्या जगात कधी आलंच नसतं. माझा आग्रह आहे की तुम्ही असं काही खेळणार असाल तर रूपापेक्षा वयावर जास्त विचार करा. शेपटी, चोच, खवले लोक दोन सेशनमध्ये विसरतात, पण समोरचा आपल्या आधी मरणार आहे किंवा आपण त्याच्या लेखी पाहुणे आहोत, हे विसरता येत नाही.

आता केंकूचं. भावाने पहिल्या दिवसापासून एक छोटी वही केली होती, दुसऱ्या पात्रांनी बोललेली वाक्यं तो त्यात तारखेसकट लिहायचा आणि फक्त त्यातलीच वाक्यं बोलायचा. सुरुवातीला फार हळू चालायचं, कारण वहीत पानभरच वाक्यं. एकदा त्याला 'पळा' म्हणायचं होतं पण तो शब्दच कोणी आधी बोललेला नव्हता, तर त्याने वहिनीचं "पाणी आलं" वापरलं आणि सगळे पळाले. नंतर त्यानेच सुचवलं की या जगात केंकू म्हणजे दफ्तर. ते मेलेल्यांच्या आवाजात जुने करार जसेच्या तसे बोलून दाखवतात, बापाकडून मुलाकडे आवाज जातो, आणि कागदापेक्षा त्याला जास्त किंमत. करारावर जी साक्ष काढायची होती ती अशी मिळाली. इतकी सुंदर कल्पना नियमातल्या एका ओळीतून आली, आणि तीच ओळ पुढे काढून टाकली गेली याचं मला अजून वाईट वाटतं. अर्थात सगळ्यांना ती अट झेपत नाही, तुमचा खेळाडू लाजाळू असेल तर नवीन नियम घ्या.

दिवाळीत महिनाभर सुट्टी घेतली, आणि परत आलो तेव्हा गोष्टीत तीन वर्षं पुढे गेलो. ही उडी मी सगळ्यांना आधी विचारून घेतली, कारण वहिनीची टॉर्टल आता 49 ची होणार होती. टॉर्टलांबद्दल असं लिहिलेलं आहे की ते आयुष्याच्या शेवटी शेवटी अंडी घालतात आणि उरलेला काळ दगडी भिंतींच्या आड पिल्लांना सांभाळण्यात, जे माहीत आहे ते शिकवण्यात घालवतात. वहिनीला मी विचारलं की पात्र बदलायचं का, नवीन करून देते. ती नको म्हणाली. जानेवारी-फेब्रुवारीत तिचं पात्र भिंतीआडच होतं, बाकीचे बाहेरून सल्ला विचारायला यायचे, आणि ती पिल्लांना काय शिकवते ते प्रत्येक सेशनमध्ये पाच मिनिटं सांगायची. बांध कुठे झिरपतो, भरतीचा अंदाज कसा घ्यायचा, लिझर्डफोकशी बोलताना दात का दाखवायचे नाहीत. मार्चमध्ये काकांच्या नातीची दहावीची परीक्षा, परत खंड. गुढीपाडव्यानंतरच्या सेशनला वहिनीचं पात्र गेलं. लढाईत नाही, फासा नाही, तिनेच सांगितलं की आज.

त्यावर मैत्रिणीच्या लिझर्डफोकने काय करायचं हा प्रश्न होता, तिच्या लोकांत मेलेलं वापरतात. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की कवचाचा एक तुकडा मी उघाडीच्या दाराला लावते, पाणी अडेल. नोमच्या मते तो अपमान होता, कोबोल्डच्या मते मोठा मान, आणि वहिनी म्हणाली की लाव. मला रडू आलं, अजून दोघांना आलं, मग दहा मिनिटांचा ब्रेक घेतला. असा ब्रेक घ्यायला अजिबात संकोचू नका.

शेवटचा भाग भराभर गेला. पंचायतीत करार नव्याने झाला, वर्षांत नाही मोजला, टॉर्टलांची एक पिढी भिंतीबाहेर पडली की सगळ्यांनी परत एकत्र बसायचं असं ठरलं, आणि नोमला दर वेळी हजर राहायची अट घातली कारण तोच एकटा सगळ्या बैठकांना जिवंत असणार. साक्ष म्हणून केंकूने वही उघडली आणि वहिनीच्या पात्राची पिल्लांना शिकवलेली वाक्यं, जशी बोलली होती तशी, एकामागून एक वाचली.

खर्चाचं विचारतात म्हणून: पुस्तक सोडलं तर प्रत्येकाचा फाशांचा सेट 400-450 ला, प्रिंटआऊट पानाला 3 रुपये, भाडं सहा जणांत वाटून प्रत्येकी एका शनिवारचे दीडशेच्या आसपास. मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) घेतले नाहीत, बाजारात बहुतेक तलवारवाली माणसंच मिळतात, कासव शोधून सापडलं नाही. त्याऐवजी चिंचोके रंगवले, पोपटी टॉर्टल, काळा केंकू, आणि टेबलावर ते लांबूनही ओळखू यायचे. अजून एक तांत्रिक गोष्ट: फेअरी, सॅटर असले पात्र कोणी घेतलं तर लक्षात ठेवा की नियमात ते ह्युमनॉइड (माणसासारख्या जमाती) नाहीत, फे (परीलोकातले) आहेत, त्यामुळे चार्म पर्सन (भुरळ घालणारा), होल्ड पर्सन (जागीच जखडणारा) असले मंत्र त्यांच्यावर चालत नाहीत. खेळाडूंच्या फायद्याचं आहे, पण डीएमला आधी माहीत हवं. आणि नवीन गट असेल तर सरळ वर्षाची कॅम्पेन घेऊ नका, एसआरडीतली पात्रं घेऊन तीन-चार शनिवारांची छोटी गोष्ट करा, तेवढ्यात कोणाला काय आवडतं ते कळतं.

क्लबहाऊसचं डिपॉझिट जूनच्या मध्यावर परत आलं, अर्जासोबत मूळ पावती लागते, झेरॉक्स घेत नाहीत. पुढच्या वेळी सगळे गॉब्लिन घ्यायचे असं भावाचं म्हणणं आहे, ते आठव्या वर्षीच मोठे होतात आणि फार तर साठीपर्यंत जगतात. काकांना ड्रॅगनबॉर्न हवाय. पावसाळा संपेपर्यंत ठरेल.